पाळणाघराचे साडेपाच हजार आणि ग्रॅच्युइटीचे नऊ महिने

प्रश्न: कुपवाड एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या ऑफिसात मी हिशेबाचं काम करते. सव्वाचार वर्षं झाली. हातात १९ हजार येतात, बेसिक १५ हजार. मिस्टरांचा पगार २७ हजार, घराचा हप्ता साडेनऊ हजार. मुलगी अकरा महिन्यांची आहे. विश्रामबागचं पाळणाघर साडेपाच हजार सांगतंय. त्यात रिक्षा, वरखर्च धरला की माझे ११ हजारच उरतात. मग मुलगी शाळेत जाईपर्यंत तीन वर्षं घरीच बसू का? सासूबाई तासगावला असतात, अधूनमधून येतील म्हणतात.

उत्तर: ताई, दुसऱ्यांचे हिशेब तुम्ही रोज तपासता, पण स्वतःच्या हिशेबात पाळणाघर फक्त तुमच्या पगारातून वजा केलंत. मुलगी दोघांची आहे. दोघांचे मिळून ४६ हजार येतात, त्यातले साडेपाच हजार म्हणजे शेकडा बारा. हा आकडा जड आहे, पण नोकरी सोडण्याइतका नाही.

आता जे हातात येत नाही ते मांडू. पीएफसाठी बेसिकवर १२ टक्क्यांनी तुमचे १,८०० कापले जातात. मालक तेवढेच भरतो. त्यातले १,२५० पेन्शन योजनेत जातात आणि ५५० तुमच्या पीएफ खात्यात. म्हणजे पीएफमध्ये महिन्याला २,३५० पडतात. तीन वर्षांचे व्याज सोडून ८४,६००. हातातल्या ११ हजारांचे ३ लाख ९६ हजार. एकूण ४ लाख ८० हजारांवर पाणी सोडायचं आहे, आणि तेही पगारवाढ शून्य धरून.

त्याहून मला खटकतात ते नऊ महिने. ग्रॅच्युइटी म्हणजे नोकरी सोडताना मालकाने द्यायची एकरकमी रक्कम. तिला पाच वर्षं सलग नोकरी लागते, आणि तुमचे नऊ महिने कमी पडतात. बाळंतपणाच्या २६ आठवड्यांच्या पगारी रजेमुळे त्यात खंड पडत नाही. १५ हजारांवर दर वर्षाला १५ भागिले २६ दिवस या नेहमीच्या सूत्राने पाच वर्षांचे ४३ हजारांच्या वर होतात. आज राजीनामा दिलात तर तेही गेले. काहीही ठरवा, पण नऊ महिन्यांनंतर.

सासूबाईंबद्दल एक सांगते, राग मानू नका. तासगावात घरची द्राक्षबाग असेल तर एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची छाटणी या दिवसांत त्या येऊ शकणार नाहीत. आल्याच तर तिकडे बाईमाणूस रोजाने लावावं लागेल. आजी फुकट पडत नाही, फक्त तिचा खर्च दुसऱ्या वहीत लिहिला जातो. मुलगी आजारी पडली की चार दिवस बोलावून घ्या, तेवढं पुरे.

स्वस्त सोय म्हणून सरकारच्या ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीला जोडून पाळणाघरं चालतात, सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी. तुमच्या भागात आहे का, हे अंगणवाडी सेविकेला विचारा. अडचण वेळेची आहे. ते रोज साडेसात तास चालतं, आणि तुमची ड्युटी अधिक जाणं-येणं त्यात बसणार नाही. मिस्टरांची पहिली पाळी असेल तर मात्र जमेल. साधी अंगणवाडी काही तासांचीच असते, तिच्या भरवशावर राहू नका.

खरी सवलत तुमच्या कारखान्याकडेच मागायला हवी. प्रसूती लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीपासून ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय करणं मालकावर बंधनकारक आहे, आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाऊ द्यावं लागतं. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद आहे. बरेच जण हे ५० म्हणजे ५० बायका असं समजतात. तसं नाही, मशीनवरचे पुरुषही त्यात मोजायचे. तुमच्याकडची हजेरी तुमच्याच टेबलावरून जाते, आकडा बघून घ्या. पन्नाशी भरत असेल तर लहान मुलं असलेल्या दोघी-तिघींनी मिळून अर्ज द्या. मालकाने खोली बांधावीच असं नाही, शेजारच्या कारखान्यांसोबत सामायिक सोयही चालते. ते जुळेपर्यंत विश्रामबागच्या फीमधला निम्मा वाटा द्या, असं सुचवा. २,७५० रुपये वाचले तरी रिक्षाचं भागतं. भांडणाचा सूर नको, ग्रॅच्युइटी जवळ आलेली आहे.

पाळणाघर मात्र पैसे भरण्याआधी दुपारी चारच्या सुमाराला, न सांगता जाऊन बघा. किती मुलांमागे किती बायका आहेत ते मोजा. तिथे मन धजलं नाही तर वरचे सगळे आकडे बाजूला ठेवा आणि दुसरं शोधा.

आणि कारखान्यात अर्ज दिलात की पोचप्रतीवर सही-शिक्का घ्यायला विसरू नका.