टाकीतील माशांना धाप लागते तेव्हा : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : माझ्या टाकीत पाणवनस्पती भरपूर आहेत. दिवसभर मासे मजेत असतात, पण पहाटे पाहावे तर सगळेच्या सगळे पाण्याच्या वरच्या थरात तोंड उघडून उभे असतात आणि दिवा लावल्यावर तास-दोन तासांत पूर्ववत होतात. हा कोणता आजार आहे?

उत्तर : सगळ्या माशांना एकाच वेळी, तोही केवळ पहाटे, असा आजार होत नाही. वनस्पती प्राणवायू सोडतात त्या प्रकाश असेपर्यंतच. श्वसन मात्र त्या चोवीस तास करतात. दिवा मालवल्यावर वनस्पती, मासे आणि फिल्टरमधील व तळाच्या गाळातील जिवाणू असे सर्वजण एकाच साठ्यावर जगतात, आणि त्यात भर पडते ती फक्त पृष्ठभागातून मुरणाऱ्या हवेची, त्यामुळे उजाडण्याच्या सुमारास तो तळाला गेलेला असतो. मुळात हा साठा किती तुटपुंजा असतो, याची कल्पना बहुतेकांना नसते. 25 अंश सेल्सिअस तापमानाच्या गोड्या पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त 8 मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू विरघळतो, तर 30 अंशांना साडेसात. एक लिटर हवेत तो याच्या तीसपटींहून अधिक असतो. शिवाय पाणी तापले की माशाची प्राणवायूची गरज वाढते, म्हणजे पुरवठा घटतो नेमका तेव्हाच मागणी चढते.

रात्री एअर पंप चालू ठेवा आणि फिल्टरचा झोत असा वळवा की पृष्ठभाग सतत हलता राहील. बुडबुड्यांतून थेट मुरणारा प्राणवायू थोडाच असतो. त्यांचे खरे काम तळाचे पाणी वर आणण्याचे आणि पृष्ठभाग ढवळण्याचे आहे. पाण्यावर तेलकट तवंग असेल तर साधा कागद पसरून तो टिपून घ्या. वनस्पतींसाठी कार्बन डायऑक्साइड सोडत असाल, तर तो दिवा मालवण्यापूर्वीच बंद झाला पाहिजे, कारण तो वाढला की माशाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटते आणि पाण्यात प्राणवायू असूनही मासा धापा टाकतो.

प्रश्न : माझा फायटर मासा दर थोड्या वेळाने वर येऊन हवा घेतो. त्याचा जीव गुदमरतो आहे का?

उत्तर : नाही. फायटर आणि गुरामी यांना कल्ल्यांच्या वर हवेतून श्वास घेण्यासाठी वेगळे इंद्रिय असते; कॉरिडोरसही अधूनमधून वर झेपावून हवा गिळतो. झाकण आणि पाणी यांच्यामध्ये हवेसाठी जागा तेवढी ठेवा. तो सतत वरच राहू लागला आणि कल्ल्यांची उघडझापही वाढली, तरच पाणी तपासा.

प्रश्न : दोन आठवड्यांपूर्वी नवी टाकी मांडून तीत सहा गोल्डफिश सोडले. एअर पंप अखंड चालू आहे, तरीही मासे भराभर श्वास घेतात आणि त्यांचे कल्ले तपकिरी दिसतात. दुकानदाराने निळे औषध दिले आहे. ते घालावे का?

उत्तर : टाकीत घालू नका. माशांनी टाकलेला अमोनिया एका प्रकारचे जिवाणू नायट्राइटमध्ये आणि दुसऱ्या प्रकारचे नायट्रेटमध्ये बदलतात. ही साखळी नव्या फिल्टरमध्ये रुजायला साधारणपणे चार ते सहा आठवडे लागतात, आणि तुम्ही पहिल्याच दिवशी खादाड असे सहा मासे सोडले. अमोनिया कल्ल्यांचे नाजूक पडदे भाजून काढतो, तर नायट्राइट रक्तातील हिमोग्लोबिनचे असे रूपांतर करतो की त्याला प्राणवायू धरताच येत नाही. अशा रक्ताचा रंग तपकिरी होतो. म्हणून पंप कितीही चालला तरी धाप थांबत नाही.

दोन्हींची चाचणी आजच करा, खाणे दोन दिवस बंद ठेवा आणि क्लोरीन काढलेल्या, त्याच तापमानाच्या पाण्याने रोज एक चतुर्थांश ते एक तृतीयांश पाणी बदला. लिटरमागे 1 ग्रॅम साधे मीठ विरघळवून घातल्यास त्यातील क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. गोल्डफिशला एवढे मीठ सहज सोसते. निळे औषध, म्हणजे बहुधा मेथिलिन ब्लू, रक्तातील हा बिघाड काही अंशी उलटवू शकते, हे खरे. परंतु जे जिवाणू रुजण्याची आपण वाट पाहतो त्यांनाच ते मारते, तेव्हा द्यायचेच झाले तर वेगळ्या भांड्यात द्यावे. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुण्याचा मोहही टाळा.

प्रश्न : माझी टाकी तीन वर्षांची आहे. बरेच महिने पाणी बदलले नव्हते, मासे मात्र ठणठणीत होते. काल निम्म्याहून अधिक पाणी एकदम बदलले आणि तासाभरात सगळे धापा टाकू लागले. स्वच्छ पाण्याने असे कसे झाले?

उत्तर : पहिला संशय क्लोरीनवर घ्या आणि क्लोरीनरोधक द्रावण, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, संपूर्ण टाकीच्या हिशेबाने लगेच घाला. ते घातलेलेच असेल, तर कारण अधिक गमतीचे आहे. जुन्या, न बदललेल्या पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, हळूहळू उतरत जातो. आम्लधर्मी पाण्यात साठलेला अमोनिया जवळजवळ सगळाच अमोनियमच्या, म्हणजे तुलनेने निरुपद्रवी, रूपात असतो. 25 अंशांना सामू 7 असताना विषारी अमोनियाचा वाटा जेमतेम अर्धा टक्का असतो, पण सामू 8 झाला की तो 5 टक्क्यांवर जातो. तुम्ही ओतलेल्या ताज्या पाण्याने सामू चढवला आणि आधीपासून साठलेले विष जागे केले. अमोनिया बांधून ठेवणारे द्रावण घाला, हवा वाढवा, आणि यापुढे दर दोन-तीन दिवसांनी दहा टक्के अशा बेताने पाणी बदला.

प्रश्न : एकच मासा वेगाने श्वास घेतो, एक कल्ला मिटून ठेवतो आणि दगडांना अंग घासतो. बाकीचे नीट आहेत.

उत्तर : आतापर्यंतच्या प्रश्नांत फक्त इथेच मला परजीवींची शंका येते. कल्ल्यांवरील चपट्या कृमी किंवा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग असू शकतो. हे ठिपके कधीकधी केवळ कल्ल्यांच्या आतच असतात आणि अंगावर एकही दिसत नाही. तरीही पाण्याची चाचणी आधी करा. कृमींसाठी प्राझिक्वांटेल उपयोगी पडते, ठिपक्यांसाठी मात्र त्याचा उपयोग नाही, त्यामुळे निदान न करता दोन्ही औषधे एकदम ओतू नयेत. ठिपक्यांच्या उपचारात तापमान वाढवायचे झाल्यास हवेचा पुरवठा त्याआधी वाढवा. जखमी कल्ल्यांना कोमट पाण्यातला कमी प्राणवायू पुरत नाही.