ताई, विचारू का? : क्रोशा, घाटातली गाडी आणि सोलापूरची भाकरी

या वेळच्या टपालात एकाच धाग्याची पत्रं निघाली, बायकी काम कुठलं आणि पुरुषी कुठलं, म्हणून ती एकत्र घेतेय. नावं नेहमीप्रमाणे गाळली आहेत.

मी इचलकरंजीत राहतो, वय २९. फाउंड्रीत क्वालिटी विभागात आहे. आजीकडून क्रोशा शिकलो. कंपनीच्या बसमध्ये जाता-येता विणत बसतो. फोटो पाठवलाय, ते तोरण माझंच. सध्या घरचे स्थळं बघतायत. बायोडाटात ‘छंद’पुढे मी क्रोशा लिहिलं होतं, मावशीनं ते खोडून ‘क्रिकेट, ट्रेकिंग’ केलं. मी क्रिकेट बघतसुद्धा नाही. ती म्हणते, मुलीकडचे हसतील. असला मुलगा मुलींना खरंच बायल्या वाटतो का?

काही जणींना वाटेल, खोटं कशाला सांगू? पण त्या बायोडाटा वाचूनच नाही म्हणतील. तुझा रविवार वाचला आणि त्यांचे पोहेही. क्रिकेटवर भाळून आलेलीला तू पुढं काय सांगणार आहेस?

मी स्वतः आयटीआयमध्ये शिवणकामाच्या ट्रेडला शिकवून निवृत्त झाले. वर्गात मुलीच मुली. मधूनच एखादा मुलगा प्रवेश घ्यायचा आणि गावात विचारलं की ‘आयटीआय करतोय’ एवढंच सांगायचा, ट्रेडचं नाव ओठांवर येऊ द्यायचा नाही. त्याच्याच गावच्या बाजारपेठेत गळ्यात टेप टाकून कापड बेतणारा मास्तर मात्र पुरुष. घरी पोराच्या चड्डीला टाका घातला तर बायकी काम, दुकानात पैसे घेऊन घातला तर धंदा! तू तर इचलकरंजीचा. तुमच्याकडे पुरुष रात्रपाळीला मागावर उभे राहून तुटलेला धागा बोटाच्या पेरानं जोडतात. त्यांना बायल्या म्हणायची हिंमत आहे का कुणाची? बालगंधर्वांचं लुगडं नेसणं बघून घरंदाज बायका तसं नेसायला लागल्या, हे तर आपल्या आज्या-पणज्यांच्या काळातलं.

तेव्हा ‘क्रोशा’ असंच लिही. ‘कलाकुसर’, ‘हस्तकला’ असले आडोसे नकोत. मुलगी भेटली की ‘एक सांगायचं होतं…’ अशी सुरुवात करू नकोस, ती बिचारी तुझं काही लफडं असेल म्हणून धसकेल. तिनं विचारलं तर कसं करतात ते सांग, नाही विचारलं तर तिला काय आवडतं ते ऐक. तिला शिवण-टिपण काही येत नसेल तर भुवई वर करायची नाही, हेही आलंच.

आता माझ्या अखत्यारीतलं. तोरणाची खालची कड आत वळतेय. शेवटच्या ओळीतले मुके खांब (क्रोशाचे आखूड टाके) तू फार आवळलेस. तेवढ्या ओळीला एक नंबर मोठी सुई घे किंवा हात सैल सोड. पुढचं तोरण मावशीच्या दाराला जाऊ दे.

वय ३१, नाशिक. नोकरी चांगली, गाडी स्वतःची. स्टेपनी बदलणं, नळाचा वॉशर, मिक्सरची वायर, सगळं मी करते. वर्षभरापासून एक जण आयुष्यात आहे. शांत, प्रेमळ, स्वयंपाक माझ्यापेक्षा कितीतरी चांगला. रोज चार वाजता त्याचा मेसेज, ‘आज काय करू जेवायला?’ मुंबईला जाताना कसारा घाटात गाडी मी चालवते, तो गाणी लावतो. मैत्रिणी म्हणतात, लॉटरी लागली तुला. पण ताई, जी ओढ म्हणतात ती वाटत नाही. हॉटेलात मेनू न उघडता ऑर्डर देणारा किंवा एका हातानं गाडी मागं घेणारा पुरुष दिसला की पोटात काहीतरी होतं. जन्मभर समानतेवर भांडले आणि आतून मी अशी! मी ढोंगी आहे का?

ढोंगी कसली? मतं आपण वाचून, भांडून, रात्री जागून बदलतो. ओढ तेवढ्यात बदलत नाही. ती कॉलेजच्या कट्ट्यावर, गणपतीच्या मांडवात, पडद्यावर बुलेटवरून येणाऱ्या हिरोकडे बघता बघता घडलेली असते, तिला कुणी परिसंवादाला बोलावलेलं नसतं. तिच्यावर खटला भरू नकोस.

पण तुझं पत्र मी दोनदा वाचलं. मेनू न उघडता ऑर्डर देणारा आणि गाडी मागं घेणारा, या दोघांत मिशी सोडून सारखं काय आहे? दोघं कुणाला न विचारता ठरवतात. आणि तुझ्याकडे रोज चारला काय येतं? प्रश्न. भाजी तो चिरतो, फोडणी तो देतो, पण वांगी की भेंडी याचा निर्णय ऑफिसात बसून तूच घेतेस. घाटात गाडी तुझी, कुठे थांबायचं ते तू बघायचंस, टोलचं तू बघायचंस. बाई, तू दमली आहेस! तुला रुबाबदार पुरुष हवाय की एक संध्याकाळ कुणी काही न विचारलेली हवीय, हे आधी तपासून बघ. मला तरी दुसरं दिसतंय.

त्याच्याशी बोल, पण ‘तू पुरुषासारखा वाग’ असं चुकूनही नको. त्यानं तो बिचारा छाती काढून चालायला लागेल आणि पोळ्या करपवेल. एवढंच सांग, की हा शनिवार पूर्ण तुझा. कुठे जायचं, किती वाजता निघायचं, काय खायचं, पेट्रोल, सगळं. मला सकाळी फक्त कपडे कुठले घालू तेवढं कळव. मग खरंच गप्प बस. तो त्र्यंबकच्या रस्त्यावर चुकीचं वळण घेईल, तेव्हा तोंड उघडायचं नाही. तुझ्यासारख्या सगळं येणाऱ्या बायकांना हेच अवघड जातं. समोरच्यानं स्क्रू उलटा फिरवलेला बघवत नाही, आपण पाना हातातून ओढून घेतो, आणि मग तक्रार करतो की हा काही करतच नाही.

आमच्याकडे फ्यूज गेला की मी स्टुलावर चढून तार घालायची आणि आमचे हे खाली टॉर्च धरायचे. पक्कड धरता येत नव्हती त्यांना. पण उजेड नेमका माझ्या बोटांवर असायचा. मी हात डावीकडे नेला की उजेड आधीच डावीकडे. सासूबाई कपाळावर हात मारायच्या, ‘काय हे, बाई वर आणि पुरुष खाली!’ मला मात्र त्या पाच मिनिटांत हा माणूस फार आवडायचा. अजून कुणाला हे सांगितलं की हसतात.

मेनू न उघडणाऱ्याबद्दलही एक ऐकून ठेव. पहिले चार महिने बरं वाटतं. पुढं तो तुझी बदली घ्यायची की नाही हेही मेनू न उघडता ठरवतो, तेव्हा तुझं समानतेचं सगळं वाचन एकदम उफाळून येईल.

हे सगळं करून पाहिलंस आणि तरी ओढ नाहीच वाटली, तर नाही म्हण. चांगला स्वयंपाक करतो म्हणून लग्न करणं हे बाई सुगरण आहे म्हणून तिच्याशी लग्न करण्याइतकंच वाईट. त्यालाही कुणीतरी मनापासून हवा असलेला माणूस व्हायचा हक्क आहे. फार लांबवू नकोस.

मुलगी दहावी झाली. तिला आयटीआयला वीजतंत्री ट्रेड घ्यायचाय. तिचे वडील म्हणतात, ब्यूटी पार्लर कर नाहीतर शिवण, पोल चढणाऱ्या पोरीला नवरा कोण देणार? काय करावं? – फलटण

वडिलांना आपल्याच जिल्ह्याचं उदाहरण द्या. साताऱ्याच्या सुरेखा यादव कराडच्या पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रिकल शिकल्या, १९८० च्या दशकाच्या अखेरीला रेल्वेत इंजिनवर गेल्या आणि आशियातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक ठरल्या. २०११ च्या महिलादिनी डेक्कन क्वीन घाटातून त्यांनी नेली, २०२३ च्या मार्चमध्ये सोलापूर–मुंबई वंदे भारत चालवली. संसार केला, मुलं वाढवली. घाट काही आडवा आला नाही.

तुम्ही मात्र कामाच्या गोष्टी बघा. संस्थेत मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी आहे ना, एसटीची वेळ जुळते का, वर्कशॉपमध्ये एकटीच मुलगी असेल तर निदेशक कोण आहेत. बांगड्या, ओढणी, लांब वेणी मशीनजवळ चालणार नाहीत, हे तिला आणि आजीला आत्ताच सांगा. नंतर महावितरण वीजतंत्रींना शिकाऊ उमेदवार म्हणून घेतं, ती जाहिरात बघत राहा. नवऱ्याचं दहा वर्षांनी बघू.

सोलापूर, वय ६४, बँकेतून निवृत्त. सौ.चा गुडघा बदलला, डॉक्टरांनी फार वेळ उभं राहू नका सांगितलंय. मला चहापलीकडे काही येत नाही. भाकरी शिकायचीय. सौ. स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसते, हसते, आणि शेजारच्यांना दिसू नये म्हणून खिडकी लावून घेते. कुठून सुरुवात करू?

खिडकी उघडा. भाकरीचा धूर आत कोंडला तर वहिनींना खोकला येईल.

पुरुष स्वयंपाक करत नाहीत असं म्हणणाऱ्यांनी लग्नात आचारी कोण असतो ते आठवावं. हजार पानांचा मसालेभात पुरुष करतो, घरच्या दोन पानांचं वरण मात्र बाईनं करायचं. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जात होती, पुरुषांची ९७. आणि ही ९७ मिनिटं देणारे पुरुषही शंभरात जेमतेम २६. तुम्ही त्या २६ मध्ये येताय, उशिरा का होईना.

आता भाकरी. ज्वारीचं पीठ ताजं घ्या, महिन्याचं जुनं झालं की भाकरी चिरते. ज्वारीला गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून पाणी कडकडीत गरम, आणि पीठ तळहाताच्या मुळानं रगडायचं. एका वेळी एकाच भाकरीपुरतं मळा. परातीत कोरडं पीठ पसरून गोळा ठेवा, बोटं जुळवून थापा, थापताना भाकरी आपोआप फिरली पाहिजे. ती फिरत नसेल तर खाली पीठ कमी पडलंय. तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर ठेवा आणि लगेच पाण्याचा हात फिरवा. पाणी सुकत आलं की उलटा, पूर्ण सुकू दिलंत तर तडे जातील. दुसरी बाजू भाजली की विस्तवावर, तिथे फुगते.

पहिल्या काही तुटतील. त्या ताकात कुस्करून, वर लसणाची चटणी घालून खा, तुमच्या सोलापुरात शेंगाचटणी आहेच. कुठला डबा कुठे ते वहिनींना एकदाच विचारा आणि बँकेत लिहायचात तसं वहीत लिहून घ्या, रोज विचारू नका (नाशिकच्या पत्राचं उत्तर वाचा). ओटा, परात, तवा तुम्हीच धुवायचा. खुर्चीतून सूचना येतील, त्या आठवडाभर ऐका. आठव्या दिवशी खुर्ची बाहेर टीव्हीपुढे न्यायला हरकत नाही.