चाकांवरून : तुमचे प्रश्न

डोंगरमाथ्यावरच्या गावात व्हीलचेअर नेताना

प्रश्न : ताई, अपघातानंतर मी व्हीलचेअर वापरते. हातांत ताकद चांगली आहे, सपाटीवर कुणाची मदत लागत नाही. आम्हा मैत्रिणींचा डोंगरमाथ्यावरच्या एका जुन्या गावात चार दिवस राहायचा बेत ठरतोय. गल्ल्या दगडी, चढ-उतार भरपूर. हॉटेलवाले फोनवर म्हणाले, "काही अडचण नाही, आमची माणसं उचलून नेतील." ते ऐकल्यापासून माझा उत्साहच मावळलाय. मी जावं, की मैत्रिणींना जाऊ द्यावं?

उत्तर : तुम्ही जा. पण त्या 'काही अडचण नाही'च्या भरवशावर जाऊ नका. ते गृहस्थ खोटं बोलत नसतील, पण त्यांनी आपली गल्ली चाकांवर बसून कधी पाहिलेली नाही. 'व्हीलचेअर येईल का?' असं विचारलं की माणसं चांगुलपणानं 'हो' म्हणून मोकळी होतात. मीही अशीच खुर्ची हातानं चालवते, आणि हा प्रश्न विचारणं मी केव्हाच सोडलंय. मी मोजमाप मागते.

त्यांना सांगा, दारासमोरच्या रस्त्यावर एक सरळ फळी उताराच्या दिशेनं ठेवा, तिच्यावर फोन ठेवा आणि पातळी दाखवणाऱ्या ॲपवर किती अंश दिसतात ते कळवा. 3 अंशांपर्यंत तुम्ही आरामात जाल. 5 अंशांच्या जरा आत म्हणजे 12 मीटरला 1 मीटर चढ. रॅम्पसाठी साधारण हीच कमाल मर्यादा धरतात, तीसुद्धा मध्ये विसाव्याला सपाट जागा ठेवून. साडेनऊ अंश म्हणजे 6 मीटरला 1 मीटर. तुमचं आणि खुर्चीचं मिळून वजन 75 किलो धरलं, तर अशा चढावर 12 किलोहून जास्त जोर तुम्हाला सतत मागे ओढणार. हात कितीही तयार असले तरी तो चढ एकटीनं चढू नका. दाराचं मापही घ्यायला लावा. दार पूर्ण उघडल्यावर मोकळी जागा किती सेंटिमीटर उरते, ते विचारा. बाथरूमचं दार आत उघडतं की बाहेर, हेही. आत उघडणारं दार तुम्ही आत गेल्यावर लावता येतच नाही, असं अनेकदा होतं.

आता गावाच्या घडणीबद्दल, कारण खरी वाट तिथेच सापडते. अशी गावं बहुतेक डोंगराच्या धारेवर वसलेली असतात. धारेच्या लांबीनं जाणारा मुख्य रस्ता बऱ्याचदा बराचसा सपाट असतो, आणि त्याला छेदून खाली उतरणाऱ्या गल्ल्या तीव्र उताराच्या किंवा पायऱ्यांच्या असतात. म्हणून मुक्काम पायथ्याशी नको, वर धारेवरच घ्या. गाडीनं जिथवर जाता येतं तिथल्या सगळ्यात उंच जागी उतरा आणि धारेनं फिरा. गावात गाड्यांना बंदी असली, तरी अपंग प्रवाशाला दारापर्यंत सोडायची परवानगी मिळते का, हे आधी विचारून घ्या. वर न्यायला 'यांत्रिक सोय' आहे असं सांगितलं, तर कुठली ते विचारा. इटलीतल्या पेरूजा शहरात जुन्या किल्ल्याच्या पोटातून वर जाणारे सरकते जिने प्रसिद्ध आहेत, पण सरकता जिना चालणाऱ्यांसाठी. आपल्याला लिफ्ट हवी. दोरानं ओढल्या जाणाऱ्या डोंगरी रेल्वेचे फलाटही पुष्कळ ठिकाणी पायऱ्यापायऱ्यांचे असतात.

चढाची भीती सगळ्यांना असते, मला जास्त काळजी दगडांची आणि उताराची वाटते. दोन गोट्यांमधल्या फटीत पुढचं छोटं चाक रुतलं की खुर्ची जागच्या जागी थांबते आणि तुम्ही मात्र पुढे जाता. कमरेचा पट्टा बांधाच. पावलदानाला अडकवायचं एक मोठं जादा चाक मिळतं. ते लावलं की पुढची छोटी चाकं जमिनीवरून उचलली जातात आणि फटींचा त्रास पुष्कळ कमी होतो. उसनं मिळालं तरी घेऊन जा. ते नसेल तर खराब रस्त्याच्या पट्ट्यात खुर्ची उलटी फिरवून मैत्रिणीला मागे ओढायला सांगा, म्हणजे मोठी चाकं आधी दगडावर चढतात. उतारावर हातमोजे हवेतच, चाक फिरवायची रिम (बाहेरची कडी) हातातून घसरून तळवे भाजतात. खुर्चीचे ब्रेक थांबलेली खुर्ची जागेवर धरण्यासाठी आहेत, वेग आवरण्यासाठी नाहीत. उतार तीव्र असेल तर खुर्ची उलटी करा. मैत्रीण मागे, म्हणजे खालच्या बाजूला, आणि दोघी सावकाश उतरा. चढताना पाठीवरची बॅग काढून मांडीवर घ्या, नाहीतर खुर्ची मागे कलंडते. पाऊस पडून गेला असेल तर फरशी सुकेपर्यंत थांबा.

उत्साह मावळला तो उचलण्याच्या गोष्टीनं, आणि ते मला अगदी समजतं. चार अनोळखी हात एकदम खुर्चीला लागतात आणि आपलं शरीर आपलं राहत नाही. तरी दोन-तीन पायऱ्यांसाठी कधी मदत लागेल. तेव्हा हुकूम तुमचा चालला पाहिजे. मोठ्यानं सांगा, "मी उचला म्हणेपर्यंत कुणीही हात लावायचा नाही." कुठे धरायचं ते बोटानं दाखवा. हात टेकायच्या दांड्या आणि पावलदान बहुतेक खुर्च्यांत निघणारे असतात, ऐन पायरीवर हातात येतात. धरायचं ते फक्त पक्क्या चौकटीला. आणि मैत्रिणींशी निघण्याआधीच बोला. एखादा बुरूज त्या बघून येतील, तुम्ही चौकात बसाल, हे ठरलेलं असलं की कुणाच्या मनात किल्मिष राहत नाही. पण रोजचं जेवण आणि संध्याकाळ अशा जागी ठेवा जिथे तुम्ही आपल्या हातानं पोहोचता. हे मात्र हट्टानं मागून घ्या.

प्रश्न : माझ्या पत्नीची व्हीलचेअर बॅटरीवर चालते. अशा गावात ती जास्त सोयीची, नाही का?

उत्तर : चढापुरती हो. पण एका चार्जिंगवर जाईल असं कंपनीनं सांगितलेलं अंतर सपाटीवरचं असतं. चढ आणि थंडी, दोन्हींत बॅटरी लवकर उतरते, त्यामुळे निम्मं अंतर धरून बेत आखा. ही खुर्ची उचलायला फार जड, तेव्हा पायरी आली की वाट संपली असंच समजा. किती अंशांच्या चढापर्यंत ती सुरक्षित आहे, ते माहितीपुस्तिकेत दिलेलं असतं, तेही बघून घ्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं, उतारावर मोटर सोडवायचा खटका कधीही ओढू नका. तो ओढला की खुर्चीचे ब्रेकही सुटतात. खुर्ची मध्येच बंद पडली तर आधी चाकांना दगड लावा, पत्नीला सावधपणे दुसरीकडे बसवा, मग खटक्याला हात घाला.