हॉटेलचे शिक्षण, एच-४ व्हिसा आणि इंदूरमधली एक सुट्टी

न्यू जर्सीहून एका ताईंचे पत्र आले आहे. माहेर इंदूरच्या राजेंद्रनगरातले, सासर ग्वाल्हेरचे आणि गेली कित्येक वर्षे मुक्काम अमेरिकेत. मुलगी अकरावीत आहे आणि तिला हॉटेल व्यवस्थापन शिकायचे आहे, तेही शक्यतो तिथल्याच कॉर्नेल विद्यापीठात. 'एवढे पैसे भरून शेवटी लोकांची ताटे उचलायची का?' हा वडिलांचा सवाल आहे, आणि इंदूरहून फोनवर बोलणाऱ्या आजोबांचा सूर त्याहून तिखट आहे. ताईंनी मात्र एवढेच विचारले आहे की, अर्ज भक्कम व्हावा म्हणून येत्या सुट्टीत तिला कोणता कोर्स लावावा.

ताई, कोर्स लावू नका. तिला काम करू द्या. पण आधी वडिलांच्या शंकेकडे वळू, कारण घरातच नाराजी असेल तर ती मुलीच्या अर्जासोबतच्या निबंधात उतरते आणि वाचणाऱ्याला दिसते. कॉर्नेलचे हॉटेलविषयक शिक्षण १९२२ साली सुरू झाले. आज ती शाखा नोलन स्कूल या नावाने विद्यापीठाच्या व्यवसाय महाविद्यालयात मोडते. तेथे खाद्यपदार्थांच्या बरोबरीने हिशेबशास्त्र, वित्त, संख्याशास्त्र, मनुष्यबळ आणि स्थावर मालमत्ता हे विषय शिकवले जातात. 'स्वयंपाकाची आवड' एवढ्याच भांडवलावर केलेला अर्ज तिथे टिकत नाही आणि गणिताचे गुण बारकाईने पाहिले जातात. एसएटी किंवा एसीटी या अमेरिकी प्रवेशपरीक्षांचे गुणही आता पुन्हा सक्तीचे झाले आहेत. तरीही वडिलांचे म्हणणे निम्मे खरे आहे. पदवीसाठी ८०० तासांच्या प्रत्यक्ष कामाची अट आहे, आणि स्वित्झर्लंडमधील लोझान येथील १८९३ पासूनच्या शाळेत तर पहिले वर्ष स्वयंपाकघर, वाढप आणि कामाच्या उमेदवारीतच जाते. ताटे उचलावी लागतील, आणि ज्या मुलीला त्याची लाज वाटते तिने हा रस्ता धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता आपल्या पत्रात एका ओळीत आलेली, पण मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट. मुलगी एच-४ व्हिसावर आहे, म्हणजे अमेरिकेत तात्पुरत्या नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांच्या कुटुंबीयांना मिळणाऱ्या व्हिसावर. तिच्या वर्गातल्या मुली आइस्क्रीमच्या दुकानात किंवा रेस्टॉरंटमध्ये सुट्टीभर पगारी काम करतात. तिला तशी परवानगी नाही, आणि ज्या कामाचे एरवी पैसे मिळतात ते फुकट करून देणे ही त्यातली पळवाट नव्हे. परिणामी या क्षेत्रात अर्जाला जी गोष्ट सर्वांत जास्त वजन देते, म्हणजे पाहुण्यासमोर उभे राहण्याचा अनुभव, तीच तिच्याकडे नसते. ही उणीव भरून काढायला पालक हजारो डॉलरचे उन्हाळी वर्ग लावतात. मीही पूर्वी एका विद्यार्थ्याला प्रमाणपत्रे गोळा करायला लावली होती. त्याच्या अर्जात प्रमाणपत्रे पुष्कळ होती, पण रागावलेल्या एकाही गिऱ्हाइकाचा उल्लेख नव्हता, आणि त्याला नकार आला तेव्हा मला आश्चर्य वाटले नाही.

तिचा पासपोर्ट भारतीय आहे आणि आजोबा इंदुरात आहेत. त्यांच्या ओळखीने एखाद्या मराठी मंगल कार्यालयात किंवा केटररकडे पाच-सहा आठवडे दिवसाच्या पाळीत काम मिळणे अवघड नाही. मोठ्या हॉटेलात तिला लॉबीत उभे करून फोटो काढतील; कार्यालयात मात्र पहिल्याच दिवशी हातात मिठाची वाटी येईल. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर पानाच्या डाव्या बाजूला, भाजी उजवीकडे, मग वरणभात, आणि भातावर तूप पडेपर्यंत पुढची पंगत दाराशी ताटकळत उभी. अडीचशे माणसे सांगितली होती आणि सव्वातीनशे आली, हे आचाऱ्याला पहिल्या पंगतीतच कळते. मग मठ्ठा किती वाढवायचा, जिलेबीचा आग्रह कुठे आवरता घ्यायचा आणि वधूपित्याला यातले काहीही कळू न देता हे कसे निभवायचे, याचा निर्णय उभ्या उभ्या होतो. त्या आचाऱ्याशेजारी उभे राहून तिने रोज रात्री वहीत किती माणसे धरली, किती आली, काय उरले आणि का उरले, एवढे जरी लिहिले, तरी त्यातून जो निबंध उभा राहील तो कोणत्याही वर्गात शिकवता येणार नाही.

एखाद्या संध्याकाळी आजोबांबरोबर इंदूरच्या सराफ्यातही जाऊ द्या, पण खायला नव्हे, म्हणजे फक्त खायला नव्हे. साडेआठ-नऊच्या सुमारास दागिन्यांच्या दुकानांची शटर खाली येतात आणि त्याच ओट्यांसमोर गराडू (तळलेला कंद), भुट्टे का कीस आणि दहीवड्याची दुकाने मांडली जातात. एकाच जागेवर दिवसा एक धंदा आणि रात्री दुसरा. स्थावर मालमत्तेचा याहून चांगला पहिला धडा कुठला? गराडू थंडीतला पदार्थ, जूनमध्ये तो मिळणार नाही, हेही तिला आधीच सांगून ठेवा.

निबंधाबद्दल एकच कळकळीची विनंती: 'अतिथी देवो भव' या शब्दांनी सुरुवात नको. भारतीय मुलांचे असे निबंध मी इतके वाचले आहेत की आता पहिल्या ओळीलाच डोळे मिटतात. एक पंगत, एक चूक आणि ती तिने कशी निस्तरली, एवढे पुरे.

कॉर्नेलच्या तारखा थोडक्यात सांगतो. बांधील प्रवेशाचा, म्हणजे निवड झाली तर तिथेच जाण्याचे वचन देणारा अर्ज १ नोव्हेंबरपर्यंत, नेहमीचा २ जानेवारीपर्यंत. बांधील अर्ज करण्यापूर्वी पैशांचा विचार नीट करा, कारण आर्थिक मदतीच्या बाबतीत एच-४ वरील विद्यार्थी परदेशी धरला जातो आणि परदेशी विद्यार्थ्यांसाठीची मदत मर्यादित असते. शिवाय एच-४ वर राहून ते ८०० तास अमेरिकेत पगारी करता येणार नाहीत आणि एकविसाव्या वर्षी हा दर्जा संपतोच, म्हणून एफ-१ विद्यार्थी व्हिसाकडे कधी वळायचे, हे वकिलाला आत्ताच विचारा.

भारतातला पर्यायही बाजूला सारू नका. मुंबईत दादरची हॉटेल व्यवस्थापन संस्था १९५४ पासून हे शिक्षण देते आहे, आणि आपल्या सासरी, ग्वाल्हेरलाही केंद्रीय हॉटेल व्यवस्थापन संस्था आहे. प्रवेश राष्ट्रीय परीक्षेतून होतो, खर्च अमेरिकेच्या तुलनेत किरकोळ असतो, आणि तिथे शिकलेली माणसे जगभरच्या हॉटेलांत आहेत. आजोबांना हे आवर्जून ऐकवा.

तिकीट काढण्यापूर्वी दोन गोष्टी तपासा. एक, पासपोर्टवरील एच-४ चा शिक्का परतीच्या तारखेपर्यंत वैध आहे ना. नसेल तर नव्या शिक्क्याच्या मुलाखतीची तारीख मिळेपर्यंत सुट्टी आणि शाळा दोन्ही हातची जातील. दुसरे म्हणजे पंचांग. देवशयनी एकादशीला लग्नसराई थांबते आणि ती तिथी दरवर्षी पुढेमागे होते. आपल्याकडच्या शाळा जूनच्या तिसऱ्या आठवड्यात सुटत असतील, तर एखाद्या वर्षी ती इथे पोहोचून स्थिरावेपर्यंत कार्यालयाला कुलूप लागलेले असेल. तसे असेल तर लग्नांऐवजी रोजच्या जेवणाचे डबे पुरवणारा केटरर शोधायला आजोबांना आत्ताच सांगून ठेवा.