निवारा केंद्राचा आराखडा शौचालयापासून सुरू करा

हवामान बदलामुळे धोक्यात आलेल्या शहरांत सामुदायिक निवारा केंद्र उभारायचे तर क्षेत्रफळ किती धरावे आणि बांधकाम कोणत्या पद्धतीचे असावे, असे आपण विचारले आहे. मी वास्तुविशारद नाही, निवृत्त शिक्षिका आहे. परंतु ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली, तेव्हा आमच्या शाळेत उघडलेल्या निवाऱ्यात मी सात दिवस काम केले आहे.

दत्तनगर, काकानगर, सूर्यवंशी प्लॉट या नेहमी आधी बुडणाऱ्या भागांतली तीनशेहून अधिक माणसे आमच्याकडे आली होती. शाळेच्या इमारतीत पाणी शिरले नाही, त्यामुळे पाहणीला येणारे समाधानाने परत जात. आत मात्र वीज नव्हती, नळ कोरडे होते आणि एवढ्या माणसांसाठी पटांगणाच्या पलीकडच्या टोकाला पाच शौचालये होती. दुसऱ्या रात्री एक आजी चक्कर येऊन पडल्या. दिवसभर त्यांनी पाण्याचा घोटही घेतला नव्हता. मी रागावले, तेव्हा म्हणाल्या, "बाई, अंधारात तिकडं जायचं कसं? प्यायलंच नाही की जावं लागत नाही." मग चौकशी केली, तर कितीतरी बायकांनी तोच मार्ग पत्करला होता. त्याच रात्री एक जोडपे दोन म्हशी घेऊन फाटकाशी आले. जनावरांना जागा नाही असे कळल्यावर बाई तेवढी आत आली आणि नवरा म्हशींसह पावसात माघारी गेला.

पूर ओसरल्यावर देणगीचा पैसा आला, तेव्हा वरच्या मजल्यावर शौचालये, गच्चीवर टाक्या आणि मागच्या बाजूस जनावरांसाठी भरावाचा उंच ओटा करावा, असे मी सभेत मांडले. निवारा म्हणजे डोक्यावर छप्पर, बाकीचे चार दिवस माणूस सोसतो, असे उत्तर मिळाले आणि तळमजल्यावर व्यासपीठासह सभागृह बांधले गेले. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. सभागृहाला कुलूप होते आणि किल्ली सांभाळणारे गृहस्थ स्वतःच्या घरात पाण्याने अडकले होते. जमिनीवर बसवलेल्या जनित्रात पटांगणात तुंबलेले पाणी गेले. शौचालये पाचच होती. चार दिवस सोसणारे माणूस म्हणजे नेमके कोण, हे त्या सभेत विचारायला हवे होते असे मला आजही वाटते.

आपत्तीतील मदतकार्यासाठी जगभर वापरली जाणारी स्फिअर मानके माणशी साडेतीन चौरस मीटर जागा, रोज १५ लिटर पाणी आणि २० माणसांमागे एक शौचालय धरतात. अगदी सुरुवातीच्या दिवसांत ५० माणसांमागे एक चालते, आणि पुरुषांच्या तिप्पट शौचालये स्त्रियांसाठी असावीत असे सुचवतात. या हिशेबाने आमच्याकडे निदान १५ हवी होती. ओडिशात १९९९ च्या महाचक्रीवादळानंतर खांबांवर उचललेले बहुउद्देशीय निवारे बांधले गेले, त्यांपैकी कित्येकांत एरवी शाळा भरते. बांगलादेशात जनावरांसाठी मातीचे उंच भराव करतात आणि त्यांना किल्ला म्हणतात. म्हशीची सोय मागणे हा माझा भाबडेपणा नव्हता. केवळ आपत्तीपुरती स्वतंत्र इमारत मुळीच बांधू नये. जिथे वर्षभर बायकामुलांची ये-जा असते तीच वास्तू सुधारावी, कारण बंद इमारतीची किल्ली ऐनवेळी सापडत नाही.

हे सारे सांगलीसारख्या, पाणी फुटाफुटाने चढणाऱ्या शहराला लागू आहे. २२ जुलै २०२१ रोजी चिपळुणात पाणी फार झपाट्याने चढले. तिथे दूरचे मोठे केंद्र निरुपयोगी, चालत पोहोचता येतील अशा लहान जागाच हव्यात. उष्णतेच्या लाटेसाठी तर वरच्या मजल्यावरचे, थेट तापलेल्या स्लॅबखालचे दालन टाळलेच पाहिजे. बांधकामाचे साहित्य कोणते, हे स्थानिक अभियंता सांगेल. त्याच्याकडे जाताना २०१९ च्या पाण्याची खूण भिंतीवर मोजून घ्या आणि जनित्र, टाक्या व शौचालये त्या खुणेच्या वर दाखवल्याखेरीज नकाशावर सही करू नका.