रताळ्याचा वेल उतरत चाललाय, टिश्यू कल्चरनं सुधारेल का?

प्रश्न : नमस्कार सर, चंदगड तालुक्यातनं लिहितोय. आमच्याकडं रताळी वडिलांपासून, वेल घरचाच, दरवर्षी तोच पुढं चालतो. पण गेली चार वर्षं रताळी बोटाएवढीच पडत्यात, वेल मात्र जोरात. दुकानदारानं दोन औषधं दिली, मारली, काही फरक नाही. आता एकजण म्हणतो टिश्यू कल्चरचा वेल लावा, व्हायरस जातो. खरं आहे का?

उत्तर : दादा, आधी औषधांचं बोलतो कारण तुमचा पैसा तिकडं चाललाय. वेलात शिरलेला व्हायरस मारेल असं फवारणीचं औषध नाहीच. रताळ्यावरचा फेदरी मॉटल व्हायरस मावा पसरवतो, आणि माव्यानं सोंड टोचली की काही सेकंदात तो वेलात जातो, म्हणजे औषधानं मावा मरेपर्यंत काम झालेलं असतं. आणि हो, युरिया जास्त पडला तरी नुसता वेलच माजतो आणि खाली काही पडत नाही, त्यामुळं खताचा हिशोब एकदा नीट बघा. मग सकाळच्या उन्हात वेलाची खालची जुनी पानं हातात धरून बघा, शिरांच्या कडेनं पिसासारखे पिवळट पट्टे किंवा जांभळ्या कडेचे गोल ठिपके दिसले तर संशय पक्का समजा. पण काहीच दिसलं नाही म्हणून वेल निरोगी असं अजिबात नाही, बऱ्याच वेळा लक्षणं लपून राहतात आणि उत्पन्न तेवढं घटत जातं.

हे होतं कारण आपण बी लावत नाही, वेलाचा तुकडा लावतो. उसाच्या बेण्यासारखंच आहे हे, आईला जे झालंय ते लेकराला येणारच, आणि दरवर्षी त्यात थोडी भर पडते.

आता टिश्यू कल्चर, म्हणजे झाडाचा बारीक तुकडा प्रयोगशाळेत बाटलीत वाढवून रोपं करणं. इथं लोकांची मोठी गल्लत होते आणि ती मला मनापासून खटकते, कारण त्यात शेतकरी फसतो. टिश्यू कल्चर म्हणजे व्हायरस-फ्री असं समीकरण नाही. रोगट वेलाचा डोळा बाटलीत वाढवला तर रोगट रोपंच हजारोंनी तयार होतात, एवढंच. व्हायरस काढायचा तर वेलाच्या शेंड्याचं अगदी टोक घ्यावं लागतं, त्याला मेरिस्टेम म्हणतात, साधारण 0.2 ते 0.5 मिलिमीटर, खसखशीच्या दाण्याहून बारीक. मायक्रोस्कोपखाली एकेक कोवळं पान सुईनं बाजूला करत गेलं की शेवटी काचेसारखा चमकणारा छोटासा घुमट दिसतो, तोच कापायचा. तिथं रस वाहणाऱ्या नळ्या अजून तयार झालेल्या नसतात म्हणून व्हायरस सहसा तिथवर पोचलेला नसतो. मोरेल आणि मार्टिन या फ्रेंच शास्त्रज्ञांनी 1952 मध्ये डेलियाचं रोप असंच स्वच्छ करून दाखवलं आणि मग बटाट्यावरही केलं. तुकडा मोठा घेतला तर तो जगतो पण व्हायरस राहू शकतो, लहान घेतला तर स्वच्छ पण बरेच मरतात, म्हणून बऱ्याच ठिकाणी मूळ झाड आधी काही आठवडे 36-38 अंश उष्णतेत ठेवतात आणि मग शेंडा काढतात. उसाच्या बेण्याला आपण उष्ण हवेची प्रक्रिया देतो ना, विचार साधारण तोच.

आणि एवढं करूनसुद्धा टेस्ट केल्याशिवाय त्याला स्वच्छ म्हणायचं नाही. एलायझा किंवा पीसीआर या प्रयोगशाळेतल्या व्हायरस तपासण्या करतात, शिवाय आयपोमिया सेटोसा नावाच्या वेलावर कलम करून बघतात, रोग असेल तर काही आठवड्यांत त्याच्या पानावर उमटतो. म्हणून रोपं घेताना एकच विचारा, मातृरोपाची, म्हणजे ज्यापासनं रोपं वाढवली त्या मूळ झाडाची, व्हायरस टेस्ट कुठं झाली, रिपोर्ट दाखवा. नाही म्हणाले तर घेऊ नका. कंदपिकांचं मुख्य काम तिरुअनंतपुरमच्या केंद्रीय कंद पिके संशोधन संस्थेत चालतं, आणि आपल्या कोकण कृषी विद्यापीठाचा कोकण अश्विनी वाण आहे. वेल कुठनं आणि कसा मागवायचा ते कणेरी नाहीतर तळसंद्याच्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन विचारा.

चांगला वेल आला की खरं काम सुरू, कारण तो व्हायरस-फ्री असला तरी त्याला प्रतिकारशक्ती आलेली नसते, शेजारच्या जुन्या वेलावरनं मावा नाहीतर पांढरी माशी आली की पुन्हा लागण. थोडे वेल 40-50 मेशच्या (किडे आत न येणाऱ्या बारीक विणीच्या) जाळीत जपून ठेवा, दरवर्षी तिथनंच बेणं काढा, जुन्या रताळ्याच्या रानापासनं लांब लावा आणि बांधावरची गारवेल, बेशरम काढून टाका, ती रताळ्याच्याच कुळातली आहेत आणि रोगाला आसरा देतात. एक हेक्टर लागणीला सुरुवातीला साधारण एक गुंठा आणि त्यातनं वाढवून पाच गुंठे रोपवाटिका पुरते. तुकडे शेंड्याकडचे घ्या, 20-25 सेंटिमीटरचे, बुडाकडचे नको, तिथं सोंडकिडीची अंडी असू शकतात.

प्रश्न : बटाट्याचं बियाणं लांब जालंधरकडनंच का आणायचं, घरचं ठेवलं तर? (आजरा)

उत्तर : ताई, तिकडं थंडीत मावा कमी असतो. त्या काळात बियाण्याचं पीक घेतात आणि मावा वाढायच्या आत, साधारण डिसेंबर संपता संपता नाहीतर जानेवारीच्या सुरुवातीला, पाला कापून टाकतात म्हणजे व्हायरस पानातनं खाली कंदात उतरत नाही. आपल्याकडं अशी मावा नसलेली थंडी मिळत नाही, म्हणून घरचं बियाणं दोन-तीन हंगामात उतरतं. अडचणच असेल तर एखादं वर्ष ठेवा, पण ज्या झाडाची पानं गुंडाळली किंवा चट्ट्यापट्ट्याची झाली ती आधीच उपटून टाका. आणि बियाणं कापताना सुरी जंतुनाशकात बुडवत चला, बटाट्याचा एक्स व्हायरस सुरीवरनंसुद्धा पसरतो. 40-50 ग्रॅमचे आख्खे बटाटे मिळाले तर कापूच नका.