फ्लॅपला ग्रोथ फॅक्टरचं इंजेक्शन द्यायचं का? वाचकांचे प्रश्न

प्रश्न (रामबाग, इंदूर): बाबांचं गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, छातीचा फ्लॅप, म्हणजे रक्तवाहिनीसकट उचललेली चामडी आणि मांस, वर आणून लावलाय. चौथ्या दिवशी एक कोपरा काळसर दिसून राहिलाय. नात्यातले एक जण म्हणतात ग्रोथ फॅक्टरचं इंजेक्शन घ्या, चामडी वाचेल. घ्यावं का?

नका घेऊ. ग्रोथ फॅक्टर म्हणजे आपल्याच शरीरातली प्रोटीनं, ती पेशींना वाढायला लावतात, नवीन रक्तवाहिन्या करायला लावतात, त्यातलं मुख्य व्हीईजीएफ. पण कॅन्सरची गाठ पण ह्याच व्हीईजीएफच्या जोरावर स्वतःसाठी रक्त ओढून घेते, बेव्हासिझुमॅब नावाचं कॅन्सरचं औषध तर मुद्दाम ते अडवायलाच बनवलंय. मग जिथून आत्ता गाठ काढली तिथेच हे टोचायचं, मला अजिबात पटत नाही.

तो कोपरा मात्र आजच्या आज सर्जनना दाखवा, उद्यावर टाकू नका. चामडी पांढुरकी आणि थंड असेल तर रक्त पोचत नाहीये, जांभळी, सुजलेली असेल आणि दाबून सोडल्यावर रंग झटकन परत येत असेल तर आत गेलेलं रक्त बाहेर पडत नाहीये. छातीच्या फ्लॅपची रक्तवाहिनी कॉलरबोनवरून मानेतून वर जाते, त्यामुळे श्वासाच्या नळीची पट्टी मानेभोवती घट्ट बांधली असेल तरी ती दबते. पट्टी सैल करणं, ताणलेला टाका काढणं, आत साचलेलं रक्त काढणं, फ्लॅप असल्या गोष्टींनी वाचतो. आणि छोटा कोपरा गेलाच तर तेवढा साफ करून बऱ्याचदा ड्रेसिंगवर जखम भरते, घाबरू नका.

प्रश्न (देवास, फार्मसीचा विद्यार्थी): उंदरांमध्ये व्हीईजीएफ दिल्यावर फ्लॅप जास्त टिकतो असं वाचलं. मग माणसांत का वापरत नाहीत?

बरोबर वाचलंस. उंदराच्या पाठीवर चामडीची लांब पट्टी उचलतात, तिचं टोक मरतंच, कारण आपल्याकडे नर्मदेच्या पाण्याच्या लाइनीत शेवटच्या घराला प्रेशर मिळत नाही तसंच टोकापर्यंत रक्त पोचत नाही. व्हीईजीएफ किंवा एफजीएफ नावाचा दुसरा ग्रोथ फॅक्टर दिला की मेलेला भाग कमी होतो, हे पुष्कळ जणांना दिसलंय. पण उंदराची चामडी सैल, तिच्याखाली स्नायूचा एक पातळ थर असतो जो आपल्याला बहुतेक ठिकाणी नसतोच. शिवाय टोचलेलं प्रोटीन शरीरात फार टिकत नाही, आणि नवीन रक्तवाहिनी व्हायला काही दिवस लागतात, तर टोकाचा निकाल त्याच्या आधीच लागलेला असतो. म्हणून ऑपरेशनच्या आधी द्यायचं, जेलमधून हळूहळू सोडायचं, ते प्रोटीन बनवणारं जीनच पेशीत घालायचं असे प्रयोग चाललेत. अजून एक गोष्ट, 1983 मध्ये व्हीईजीएफ पहिल्यांदा सापडलं ते रक्तवाहिन्या गळक्या करणारं म्हणून, जास्त झालं तर सूज येते आणि सुजलेला फ्लॅप अजूनच गुदमरतो. 1997 मध्ये अमेरिकेत पीडीजीएफ नावाच्या ग्रोथ फॅक्टरचं जेल मंजूर झालं ते डायबेटिसवाल्यांच्या पायाच्या जखमेसाठी, फ्लॅपसाठी नाही, हा फरक दुकानात नोकरी लागल्यावर पण लक्षात ठेव.

प्रश्न (वैशाली नगर): पीआरपी चालेल का? वहिनींच्या पायाला फ्लॅप लावायचाय.

पीआरपी म्हणजे स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेट्स, त्यातून बरेच ग्रोथ फॅक्टर सुटतात. कॅन्सर नसेल तर सहसा धोका कमी, पण त्यानी फ्लॅप वाचेलच ह्याचा पक्का पुरावा नाही. ज्यादा पैसे मागत असतील तर मी तरी देणार नाही, त्यापेक्षा शुगर असेल तर ती कंट्रोलमध्ये आणा.

प्रश्न (ग्वाल्हेर): आईच्या नाकासाठी कपाळाचा फ्लॅप करणारेत. तीन आठवडे तो देठासकट, म्हणजे कपाळाला जोडलेला, राहणार म्हणे, बघवणार नाही. ग्रोथ फॅक्टरनी दिवस कमी होतील का?

नाही, आणि घाई करूही नये. त्या तीन आठवड्यांत नाकाच्या जागेवरून फ्लॅपमध्ये नवीन रक्तवाहिन्या शिरतात, म्हणजे शरीर स्वतःच ग्रोथ फॅक्टर बनवून, पाहिजे तिथे पाहिजे तेवढं देत असतं. देठ नंतर कापला तरी चालतं ते त्याच्यामुळेच. आणि हे ऑपरेशन आपलंच आहे हो! टिपूच्या कैदेत नाक कापलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला पुण्याजवळ कपाळाच्या चामडीचं नाक बसवलं, ती हकिकत 1794 मध्ये लंडनच्या मासिकात छापून आली आणि मग तिकडच्या सर्जननी ते उचललं. आईंना तीन आठवडे घरातले आरसे झाकून ठेवायचे असतील तर ठेवू द्या, भेटायला येणाऱ्यांना थोडं थांबवा.

प्रश्न (इंदूर): ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. तंबाखू कधी सोडू?

आज. निकोटिननी चामडीच्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात, मग तो सिगरेटमधून येवो नाहीतर पुडीतून. आधी निदान चार आठवडे आणि नंतर चार आठवडे पूर्ण बंद. निकोटिनचं च्युइंगम घ्यायचं असेल तर सर्जनना विचारूनच, त्यातही निकोटिनच असतं. आणि मधे एखादी पुडी खाल्लीत तर लपवू नका, सांगा, तारीख पुढे ढकलता येते.